गाव समुद्राकाठी आणि आपण बडोद्यात: वाढत्या समुद्रासाठी गावानं काय करायचं आणि कुठल्या क्रमानं

बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांचं मूळ गाव कोकणात आहे, कुणाचं अलिबाग-मुरूडकडे, कुणाचं दापोली-गुहागरकडे, कुणाचं थेट मालवण-वेंगुर्ल्याला. गणपतीला नाहीतर मे महिन्यात गावाला जाऊन आलेला माणूस दांडिया बाजारात भेटला की आजकाल सांगतो, पुळण, म्हणजे रेतीचा किनारा, कमी झालीय, माडांची पुढची ओळ गेली, विहिरीचं पाणी मचूळ लागतंय. आणि मग पुढचं वाक्य ठरलेलं, सरकारनं भिंत बांधून द्यायला पाहिजे. मला अगदी मनापासून वाटतं की भिंतीचा विचार खूप नंतरचा आहे, त्याच्या आधी गावानं स्वतः करायची बरीच कामं आहेत, त्यातली बहुतेक स्वस्त आहेत, आणि ती न करता बांधलेली भिंत बऱ्याचदा पैसेही घेऊन जाते आणि पुळणही.

आधी थोडं कारण समजून घेऊ, म्हणजे पुढचं पटेल. समुद्राचं पाणी गरम झालं की फुगतं, आणि डोंगरावरचा नि ध्रुवाकडचा बर्फ वितळून त्यात भर पडते. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ मधे जगात सरासरी पातळी साधारण २० सेंटिमीटर वर आली, आणि वेग वाढतोय: १९७१ पर्यंत वर्षाला १.३ मिलिमीटर होता तो २००६ ते २०१८ मधे ३.७ झाला. शतक संपेपर्यंत, प्रदूषण फार कमी केलं तरी २८ ते ५५ सेंटिमीटर आणि काहीच आवरलं नाही तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटर, असा अंदाज आहे. आपल्या गुजरातमधे कांडल्याच्या १९५० ते २००५ च्या नोंदी वर्षाला ३.१८ मिलिमीटर दाखवतात.

तीन-चार मिलिमीटर ऐकून माणूस म्हणतो एवढंच ना. पण गावाला त्रास सरासरीचा होत नाही, उधाणाचा होतो. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, त्यात वारा, त्यात वरून पाऊस आणि खाडीतून उतरणारं पुराचं पाणी, हे सगळं एका दिवशी जमलं की मग त्या वीस सेंटिमीटरनं उंबरा ओलांडला जातो. बडोद्यात ऑगस्ट २०२४ मधे विश्वामित्री ज्यांच्या घरात शिरली त्यांना पाण्याला एक-एक इंच म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. हीच विश्वामित्री पुढं ढाढरला मिळून खंभातच्या आखातात जाते, आणि कुठल्याही नदीच्या तोंडाशी भरती उभी असेल तर वरचं पाणी उतरायला वेळ लागतो, हे खाडीकाठच्या प्रत्येक गावाला लागू आहे.

पहिली पायरी: मोजायचं आणि लिहून ठेवायचं

हे काम इतकं साधं आहे की कुणी करत नाही. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून भरतीची नोंद होते म्हणून आज मुंबईबद्दल काही ठामपणे बोलता येतं, आपल्या गावाबद्दल मात्र सगळं आठवणीवर चालतं आणि आठवण पंचनाम्यात चालत नाही.

तर काय करायचं, गावात न हलणाऱ्या चार-पाच जागा ठरवायच्या, देवळाचा कोपरा, जुना पूल, शाळेची पायरी, आणि तिथून समुद्राच्या बाजूला जिथं गवत-वेली संपून रेती सुरू होते तिथपर्यंतचं अंतर टेपनं मोजायचं. प्रत्येक वेळी त्याच जागी उभं राहून त्याच दिशेचा फोटो काढायचा, तारीख आणि तिथी दोन्ही लिहायची. मोजणी वर्षातून एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीनंतर. इथं एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, पावसाळ्यात लाटा रेती ओढून नेतात आणि हिवाळ्यात बरीचशी परत आणून टाकतात, त्यामुळे ऑगस्टचा फोटो बघून घाबरू नका आणि जानेवारीचा बघून निवांत होऊ नका, मे ची तुलना मे शीच करायची. चार-पाच वर्षं ओळीनं मे ची रेघ मागं सरकत असेल तर ती खरी धूप.

उधाणाच्या दिवशी पाणी कुठवर आलं त्याची खूण खांबावर ऑइल पेंटनं करायची. भरतीची वेळ काढायला जुन्या लोकांचा हिशोब आजही उपयोगी पडतो, तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढंमागं. नेमक्या उंचीसाठी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं. सगळ्यात मोठं पाणी बहुतेकदा अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं, तेव्हा तिथी संपली म्हणून मोजणं थांबवू नका.

आणि कारण शोधायचं. सगळी धूप वाढत्या समुद्रामुळे होत नाही. शेजारी नवीन जेटी झाली का, खाडीतून रेती उपसतात का, वरच्या नदीवर धरण होऊन गाळ यायचा थांबला का, हे विचारा. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ चे किनाऱ्याचे नकाशे तपासले तेव्हा देशाच्या मुख्य भूमीचा साधारण ३४ टक्के किनारा झिजताना दिसला, पण २७ टक्क्यांच्या आसपास किनारा भरतानाही दिसला. म्हणजे एका गावची रेती जाते आणि दुसऱ्या गावाला मिळते, असंही असतं. रेती उपसल्यामुळे झालेल्या धुपीवर उपाय म्हणजे उपसा बंद करणं, तिथं भिंत घालून काही होत नाही.

दुसरी पायरी: गावाचा नकाशा, सगळ्यांनी बसून

ग्रामसभेत मोठा कागद पसरा आणि त्यावर पाणी येतं ती घरं, विहिरी, संडासाच्या टाक्या, मीटरची पेटी, रस्त्याचा खोलगट भाग, स्मशान, होड्या लावायची जागा असं सगळं काढा. म्हातारी एकटी कुठं राहते, अंथरुणाला खिळलेलं माणूस कुठल्या घरात आहे हेसुद्धा लिहा. बायकांना मुद्दाम बोलवा, कारण पाणी भरणाऱ्यालाच माहिती असतं कुठल्या महिन्यात कुठली विहीर खारी होते, आणि ओहोटीला कालवं-तिसऱ्या काढायला कुठं जातात ते पुरुषांना नीट सांगता येत नाही.

त्याच नकाशावर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याची, रेघ घाला. २०१९ च्या नियमाप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर दाट वस्ती असेल, म्हणजे २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं, तर भरती रेषेपासून ५० मीटर आणि नाहीतर २०० मीटर हा ना-विकास पट्टा असतो. आपल्यातले बरेच जण बडोद्यातले रिटायरमेंटचे पैसे घेऊन गावाला समुद्र दिसेल असं घर बांधायचं म्हणतात. कृपा करून त्या पट्ट्यात बांधू नका, परवानगी कुणी काढून देतो म्हणाला तरी नको, नियमाचं सोडा, वीस वर्षांनी त्या घराचं काय होईल ते बघा.

तिसरी पायरी: विहिरी वाचवणं

यावर मी जास्त लिहितोय कारण गाव समुद्र घरात शिरण्याच्या बरंच आधी गोडं पाणी संपल्यामुळे उठतं.

किनाऱ्याच्या जमिनीखाली गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. आणि त्याचा एक ठोकताळा आहे की समुद्रपातळीच्या वर गोडं पाणी एक मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. याचा उलटा अर्थ नीट बघा, पंप लावून तुम्ही वरची पातळी एक मीटर खाली आणली की खालून खारं पाणी कितीतरी पटीनं वर सरकतं. समुद्र वाढला की हाच हिशोब आणखी बिघडतो. म्हणून किनाऱ्याला बोअर मारून खोल जाणं म्हणजे खाऱ्या पाण्याला आपणहून बोलावणं. उथळ विहीर, थोडं थोडं पाणी, वरच्या थरातून, हेच बरोबर.

करायचं असं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं साधं टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतं, बडोद्यातल्या कुणीही गावाला जाताना घेऊन जावं आणि शाळेत नाहीतर ग्रामपंचायतीत देऊन यावं. दर महिन्याला ठरलेल्या विहिरींचं रीडिंग भिंतीवर लिहायचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतं, क्लोराइड २५० आणि १०००. पण आकड्यापेक्षा चढ महत्त्वाचा, एप्रिल-मे मधे दरवर्षी रीडिंग वर जात असेल तर त्या विहिरीवरचा पंप कमी करायची वेळ आली. पंप सलग चार तास चालवण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा चालवा. हॉटेल, रिसॉर्ट, कोळंबीचे तलाव यांच्या उपशाबद्दल ग्रामसभेत ठराव घ्या.

दुसरी बाजू म्हणजे भरणं. कोकणात पाऊस भरपूर, पण तो काही तासांत समुद्राला मिळतो. वहाळावर छोटे बंधारे, माती भरलेल्या पोत्यांचा वनराई बंधारा दिवाळीच्या सुमारास पाणी वाहतं असतानाच घातला तर त्याचा उपयोग, फेब्रुवारीत घालून काही नाही. छपराचं पाणी आधी टाकीत आणि जास्तीचं गाळून विहिरीशेजारच्या खड्ड्यात. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर खारं पाणी आत घुसल्यावर गुजरातनं खाडीच्या तोंडाला दारं, बंधारे, पुनर्भरण तलाव अशी कामं केली, ती बघून येण्यासारखी आहेत आणि बडोद्याहून फार लांबही नाहीत.

उधाणाचं पाणी विहिरीत शिरलंच तर घाबरून मोठा पंप लावून विहीर कोरडी करू नका. त्यानं बाजू ढासळतात आणि खालचं खारं पाणी आत ओढलं जातं. थोडं थोडं काढायचं, मधे थांबायचं, रीडिंग बघायचं, क्लोरीन टाकायचं आणि पाऊस पडेपर्यंत पिण्याची सोय दुसरीकडून. पुढच्या वर्षीसाठी कठडा उंच करून घ्या, संडासाची टाकी विहिरीच्या जवळ आणि खोलगटात असेल तर ती आधी हलवा.

चौथी पायरी: खारबांध आणि उघाड्या

रायगडकडच्या लोकांना हे सांगायला नको, पेण, अलिबाग, उरणची भातशेती खारबांधावरच, म्हणजे खाडीचं पाणी शेताबाहेर ठेवणाऱ्या मातीच्या बांधावरच, उभी आहे. बांधाला खांड, म्हणजे भगदाड, गेली की खारं पाणी आत येतं, एकदा येऊन गेलं तरी जमीन सुधारायला काही पावसाळे जाऊ शकतात, आणि खांड तशीच राहिली तर दरवेळच्या भरतीबरोबर कांदळाचं बी आत येऊन रुजतं. दोन-चार वर्षांत तिथं कांदळवन होतं आणि मग ते तोडता येत नाही, मुंबई हायकोर्टाच्या २०१८ च्या निकालानं कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा संरक्षित आहे, आणि ते योग्यच आहे. तेव्हा शेत वाचवायचं असेल तर खांड त्याच हंगामात बांधायची, खात्याची वाट बघत पाच वर्षं घालवायची नाहीत. खारभूमी विभागाकडे अर्ज, फोटो, तारखा, सगळं द्या पण मातीची टोपलीही उचला, पूर्वी गावकीनंच हे बांध राखले.

मे मधे बांधावर चालत जाऊन खेकड्यांची बिळं, खचलेली जागा, उघाडीची, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडायच्या वाटेची, दारं नीट बसतात की नाही हे बघायचं. बांध वाढवायचा तर समुद्राच्या बाजूचं कांदळवन ठेवूनच, कारण लाटेचा जोर तिथंच मोडतो. जमीन थोडी खारी झालीच तर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २, ३ अशा भाताच्या जाती आहेत, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे चौकशी करा.

पाचवी पायरी: झाडं, पण जागा बघून

तिवर, कांदळ, चिपी ही सगळी चिखलाची झाडं आहेत, खाडीच्या आडोशाला लावायची. उघड्या रेतीच्या पुळणीवर लावून फोटो काढणाऱ्यांची रोपं पहिल्या पावसाळ्यात वाहून जातात. जिथं बायका तिसऱ्या काढतात तिथंही लावू नका. आपल्याकडे कावी-कंबोईला स्तंभेश्वराची पिंडी भरतीत बुडताना बघायला आपण जातोच, तर तिथंच जरा बाजूला जंबुसरच्या किनाऱ्यावर चेरची, म्हणजे तिवरांची, लागवड बघून या, चिखल कसा हवा, भरती कुठवर हवी ते डोळ्यानं कळतं. केंद्राची ५ जून २०२३ ला सुरू झालेली मिष्टी योजना याच लागवडीसाठी आहे, ग्रामपंचायतीनं वनखात्यामार्फत मागणी करावी.

पुळणीवर मात्र मर्यादवेल. ती रेती धरून ठेवते, वाळूचा उंचवटा हळूहळू वाढतो, आणि तोच गावाचा खरा बांध. त्यावरून गाड्या नेऊ नका, तिथली रेती घराच्या भरावाला आणू नका, समुद्रावर जायला एकच वाट ठेवा. सुरूची ओळ वाऱ्याला अडवते पण मुळं उथळ असल्यानं धूप थांबत नाही, आणि वेळासकडे जशी कासवं अंडी घालायला येतात तशा किनाऱ्यावर ती अगदी पाण्यापर्यंत लावायची नसते.

सहावी पायरी: आता भिंतीबद्दल

कधीकधी भिंत लागते, रस्ता, दाट वाडी, देऊळ अगदी कडेला असेल तर. पण मंजूर झाली म्हणून लगेच नारळ फोडू नका, तीन प्रश्न लेखी विचारा. लाटांचा आणि रेतीच्या वाहण्याचा अभ्यास कुणी केला? भिंत जिथं संपते तिथं पुढच्या वाडीचं काय होणार? आणि दहा वर्षांनी दगड खचले की दुरुस्ती कुणाच्या पैशानं? लाट भिंतीवर आपटून खालची रेती उकरते, म्हणून भिंतीसमोरची पुळण बऱ्याचदा जाते आणि होड्या ओढायला जागा राहत नाही. दगडाखाली गाळणीचा थर नसेल तर मागची माती निघून जाते आणि भिंत आतून पोकळ होते. शेजारच्या गावाला विचारल्याशिवाय ठराव करू नका, त्यांची रेती अडवली तर पुढची पंधरा वर्षं भांडण. भरूचजवळ नर्मदेवर भाडभूतचा बराज, म्हणजे दारं असलेला बंधारा, खारं पाणी अडवायला घेतलाय, गोड्या पाण्याच्या दृष्टीनं त्याची गरज समजते, पण नदीत वर येणाऱ्या पाल्यावर, म्हणजे हिल्सावर, जगणाऱ्या मच्छीमारांनी त्याला विरोध केलाय, आणि असे प्रश्न काम सुरू व्हायच्या आधी सुटायला हवेत.

सातवी: इशारा, कागद, विमा

हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचे इशारे देते, फोनवर सरकारचं आपत्तीचे इशारे देणारं सचेत ॲप टाकून ठेवा आणि गावात एकानं वाचून भोंग्यावर सांगायची जबाबदारी घ्या. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगड जिल्ह्यात आलं तेव्हा कित्येक दिवस वीज नि नेटवर्क नव्हतं, त्यामुळे फोनवरच विसंबू नका, कुणी कुणाला घेऊन कुठल्या इमारतीत जायचं हे आधीच ठरवा. सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, आधार यांच्या प्रती बडोद्यातल्या नातेवाइकाकडे एक संच, हे आपण सहज करू शकतो.

घराचा विमा घेताना एक बारीक गोष्ट. २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना ठेवावी लागणारी भारत गृह रक्षा पॉलिसी वादळ, पूर, पाणी शिरणं यांचं नुकसान देते, पण समुद्रानं किनारा खाऊन जमीन खचली तर ते त्यात धरत नाहीत. म्हणजे धुपीच्या कडेच्या घराला विम्याचा भरवसा नाही.

आठवी: मागं सरकणं

हे बोलायला कुणाला आवडत नाही, मला लिहितानाही जड जातं, पण काही वाड्यांना सरकावं लागणार आहे आणि उशिरा सरकण्यापेक्षा आपल्या अटींवर लवकर सरकणं बरं. ओडिशात केंद्रपाड्याच्या सातभाया गावाचं बरंच समुद्रात गेलं आणि मग ५७१ कुटुंबांना बागपटियाला वसवलं. केरळात पुनर्गेहम योजनेत भरती रेषेपासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबाला जागा आणि घर मिळून १० लाख देतात. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी धूप रोखायला १५०० कोटी आणि धुपीनं उठलेल्यांच्या पुनर्वसनाला १००० कोटी सुचवले होते, तेव्हा ही मागणी करायला आधार आहे आणि पुढच्या टप्प्यातही ती लावून धरता येते.

अटी कोणत्या, तर अख्खी वाडी एकत्र हलणार, होड्या नि जाळी ठेवायची जागा किनाऱ्यावर गावाचीच राहणार आणि रिकामी झालेली जमीन हॉटेलला जाणार नाही. नवीन जागेत आधी पाणी आणि मग घरं. आणि तोपर्यंत नवीन काही बांधायचं, शाळेची खोली, पाण्याची टाकी, दवाखाना, ते वरच्या अंगालाच बांधायचं, म्हणजे गाव हळूहळू तिकडं वळतं.

इथं बडोदेकरांचा वाटा मोठा आहे. गावातल्या वरच्या अंगाच्या, डोंगराकडच्या जमिनी बऱ्याचदा सामाईक असतात, सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव आणि खाली वीस वारस मुंबई, पुणे, बडोदा असे पांगलेले, एकाची सही मिळाली नाही की वाडीच्या पुनर्वसनाची जागा अडकते. १ मे च्या आधी गावाला जाल तेव्हा तलाठ्याकडे जाऊन वारस नोंद करून घ्या, भावंडांची, चुलत्यांची संमती लेखी घ्या, आणि वरच्या अंगाला गावाला वापरता येईल अशी काही गुंठे जागा आपल्या हिश्श्यातून देता येते का हे घरात बसून ठरवा. ग्रामसभा १ मे ला असते, तोपर्यंत कागद तयार असतील तर ठराव त्याच दिवशी होऊ शकतो.